गारपगाऱ्याचा दोष

दोन वर्षांनी पहिल्यांदा गावातली माणसं बिभीषणच्या दारात आली, आणि आली तीही वर बघत. त्याची बायको मुक्ताबाई ओट्यावर बसून तुराट्यांचा खराटा बांधत होती. तिला आधी बंकटच्या वहाणा दिसल्या, मग त्याच्या मागे सोसायटीच्या चेअरमनचं, भगवानरावांचं, पांढरं धोतर. दोघांच्याही माना आभाळाकडे. म्हणून तिनेही वर पाहिलं. मांजरसुंब्याच्या अंगाला, डोंगराच्या काठावर, तव्याच्या बुडासारखा काळा ढग उठला होता. नुसता काळा असता तर हे दोघे इथवर आले नसते. ढगाच्या पोटाला हिरवट झाक होती, मुका मार लागून जुना झाला की कातडीला येते तशी. फाल्गुनातल्या ढगाला अशी झाक आली की आत काय आहे, हे वाडीत कुणाला सांगावं लागत नसे.

"नाथबाबा हायत का?" बंकटने विचारलं.

"असत्याल की. कुटं जात्यात?" मुक्ताबाईने खराट्याची गाठ दातांनी ओढली. "तुमीच सांगितलंवतं, घरी बसा म्हणून. बसल्यात."

भगवानराव खाकरले. "मुक्ताबाई, जुनं उगाळायची ही येळ न्हाई. बिभीषणाला हाक मारा."

नेकनूरहून डोंगराकडे जाणाऱ्या वाटेवरची ही वाडी, आणि बिभीषण वाडीचा गारपगारी, म्हणजे गारा परतवणारा माणूस. घर नाथपंथी. त्याचा बाप तेच करायचा, आजाही तेच. गारांचा ढग उठला की गारपगाऱ्याने केस मोकळे सोडायचे, कपाळाला राख लावायची आणि ढगाच्या आधी गावची शीव गाठायची. गळ्यात काळ्या लोकरीच्या दोऱ्यात हरणाच्या शिंगाची शिंगी असायची, ती फुंकून ढगाला वाट दाखवायची, की इकडून नाही, तिकडून जा. आणि ढग शिवेबाहेर पडेपर्यंत त्याच्याबरोबर चालत राहायचं, बांधावरून, ओढ्यातून, काट्याकुट्यातून. तोवर त्याच्या गल्लीत कुणी चूल पेटवायची नाही, कारण ढग धुराला धरून खाली उतरतो. या कामाबद्दल सुगीला प्रत्येक खळ्यावरून त्याला सूपभर ज्वारी मिळायची. देणाऱ्याने ती मान दुसरीकडे वळवून ओतायची, किती पडली ते बघायचं नाही, असा दस्तुर होता.

ढग खरंच त्याचं ऐकतो का, हा प्रश्न मुक्ताबाईला लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात पडला होता. पुढे तो मागे पडला. नवरा कामाला जातो, दमून येतो, तळपाय काट्यांनी भरलेले असतात. ते काटे ती दिव्याजवळ बसून सुईने काढायची. तिला एवढं पुरे होतं.

मग बहात्तर साल आलं. त्या वैशाखात असाच एक ढग उठला होता. उशिराचा गहू खळ्यावर होता, कांदा उघड्यावर. बिभीषण गेला, दिवस बुडेस्तोवर ढगाच्या मागे चालला, आणि ढग वळला. नेकनूर ओलांडून पार कुठल्या कुठे निघून गेला. त्या दिवशी माणसांनी बिभीषणला खांद्यावर घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं. नंतर ज्येष्ठ सरला, आषाढ सरला, श्रावणात ओढ्यातली वाळू हाडासारखी पांढरी पडली, तरी दुसरा ढग आला नाही. विहिरींत उतरून माणसं वाटीने पाणी भरू लागली. तेव्हा कुणीतरी बोललं की पाणी यानंच हाकललं. ढग दारात आला होता, यानं त्याला हाडहाड केलं, आता तो कशाला येतो? आधी कोण बोललं ते नंतर कुणालाच आठवेना. पण मारुतीच्या पारावर बैठक बसली आणि बिभीषणला शेंदरावर हात ठेवायला लावलं, इथून पुढं ढगाला आडवा जाणार नाही म्हणून. त्याचं मनगट बंकटच्या बापाने धरलं होतं.

सूप बंद झालं. सगळ्या वाडीसारखी ती दोघंही पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला जाऊ लागली आणि रेशनवर मिळणाऱ्या मिलो ज्वारीच्या लाल, चिवट भाकरी खाऊ लागली. तिथेच दगडाचा बारीक टवका उडून बिभीषणच्या उजव्या डोळ्यात गेला. तो डोळा गेला, आणि दुसऱ्यावरही हळूहळू साय धरली.

आणि पुढच्या साली पाऊस पडला. चांगला पडला. बिभीषण घरात बसून होता आणि ओढे वाहिले. वाडीला आणखी कोणता पुरावा हवा होता? बिभीषणला तरी कुठे हवा होता? पत्र्यावर सर वाजायला लागली की तो उठून बसायचा. चेहऱ्यावर आनंद नसायचा. आपल्याविरुद्ध कुणी साक्ष देतंय आणि ती खरी आहे, अशा तऱ्हेने तो ते ऐकत राहायचा.

मुक्ताबाईला सुपाचं दुःख नव्हतं. ती रोजाने जात होती, पोट निघत होतं. पण ज्याला कुणी विचारत नाही तो माणूस घरात कसा बसतो, ते ती दोन वर्षं बघत होती. भिंतीकडे तोंड करून जेवतो. कुणी हाक मारली तर ती आपल्याला नसेल असं धरून चालतो. आता दारात बंकट आणि चेअरमन उभे होते, आणि आत बसलेला म्हातारा पुन्हा वाडीचा गारपगारी होणार की असाच भिंतीला लागून संपणार, ते आज या ढगाखाली ठरायचं होतं. तिने खराटा बाजूला ठेवला आणि हाक मारली.

बिभीषण चौकट चाचपत बाहेर आला. "कोण हाय?"

"मी बंकट, बाबा. गारंचा ढग आलाय."

"मग?"

"मग काय? उठा की. निम्मी ज्वारी कापून आडवी पडलीय, निम्मी उभी हाय. दोन सालांनी दाणा बगायलाव आमी."

"मारुतीवर हात ठेवलाय म्या. तुज्या बापानंच धरलावता."

बंकट वहाणेच्या अंगठ्याकडे बघू लागला. भगवानराव पुढे झाले. यंदाचं बियाणं आणि खत त्यांनी सोसायटीतून आणून वाटलं होतं, प्रत्येक शेताची त्यांना स्वतःच्या शेतासारखी काळजी होती, आणि ते खोटंही नव्हतं. "बिभीषणा, शपथ गावानं घातलीवती, गावच सोडवायलंय. मी चेअरमन म्हणून सांगतो."

"मारुतीचे चेअरमन कदी झालाव, भगवानराव?" मुक्ताबाई म्हणाली.

बंकटला हसू आलं, ते त्याने पटक्याच्या शेमल्यात दाबलं.

"हसतो काय बे?" भगवानराव त्याच्यावर उखडले. "ढग बग कुटवर आलाय."

बिभीषण अजून चौकटीला धरून होता. "आन् पाणी पुना रुसलं तर?" त्याने विचारलं. "मग कुणाच्या नावानं बोंबलसाल?"

"उद्याचं उद्या बगू. आज ज्वारी वाचव, बाबा," भगवानराव म्हणाले.

बिभीषण आत वळला. मुक्ताबाई त्याच्या मागे गेली. तो कोनाड्यात हात घालून राख शोधत होता.

"कावून जाताव?" ती हळू आवाजात म्हणाली. "दोन वर्सं कुणी वळून बगितलं न्हाई. शिंगी बी उंदरानं कुरतडलीय."

"बोलावलंय न्हवं," तो म्हणाला. एवढंच. पण त्या आवाजात इतकी खुशी होती की तिला तिकडे बघवेना. तिने राखेचं बोळकं त्याच्या हातात दिलं.

केस सोडून, कपाळाला राख फासून तो अंगणात आला आणि थांबला. तोंड भलत्याच दिशेला होतं. "ढग कुटं हाय?" त्याने विचारलं.

बंकटने भगवानरावांकडे पाहिलं. भगवानराव दुसरीकडे बघू लागले. मुक्ताबाईने नवऱ्याचे खांदे धरून त्याला वळवलं, पदराचं टोक त्याच्या मुठीत दिलं आणि चालू लागली. गारपगाऱ्याची बायको कधी ढगामागे गेली नव्हती. समोरच्या किराणा दुकानातून दुकानदार शिवलिंगची बायको जगदेवी गल्ल्यावरून उठून पायरीवर आली.

"अगं मुक्ते, तू कुटं निगालीस? बाईमाणूस जातंय का ढगामागं?"

"त्यान्ला ढग दिसत न्हाई, जगदेवी. मला दिसतो."

"मग गारा थांबाया मी टाकू का कुराड उलटी अंगणात?"

"टाक. आन् चूल पेटवू नगा म्हणावं कुणी गल्लीत."

वाडी मागे पडली तसा वारा पडला. इतका पडला की ज्वारीच्या उभ्या ताटांचं एक पानही हलेना. दोन्ही बाजूंनी शेतं होती. कापलेल्या पेंढ्या ओळीने निजलेल्या, आणि न कापलेली कणसं मोत्यासारख्या दाण्यांनी खाली झुकलेली. मुक्ताबाईने दोन वर्षांत असं भरलेलं रान पाहिलं नव्हतं. रोजाने कापणी करताना तिचे हात त्या कणसांवरून फिरले होते. तिची स्वतःची त्यात एक पेंढीही नव्हती. तरी छातीत कळ आली.

"सांग," मागून बिभीषण म्हणाला.

"टेकडीच्या वर हाय. डाव्या अंगाला."

"पोट?"

"हिरवं."

"हलतंय का?"

"उकळायलंय. डाळ उकळती तसं."

"इजा चमकायल्यात का?"

"आतल्या आत. खाली येत न्हाईत."

"मग हाय त्यात," तो म्हणाला. "भरलेला हाय." आणि त्याने पाऊल उचललं. आता पदर तो ओढत होता, ती मागे फरफटत होती. साठी उलटलेला, दिसत नसलेला माणूस ढेकळांतून असा चालला होता की रान त्याच्या पायांना पाठ असावं.

पश्चिमेच्या शिवेवर शेंदराचा धोंडा आहे. तिथे त्याने पाय रोवले आणि शिंगी फुंकली. पहिल्यांदा नुसती हवा निघाली. दुसऱ्यांदा एक फाटका आवाज निघाला. तिसऱ्यांदा मात्र तो जुना, लांब, अंगावर काटा आणणारा सूर आला आणि मोकळ्या रानावरून सरळ गेला. थोड्या वेळाने वारा सुटला. वारा सुटायचाच होता, ढगाआधी तो सुटतोच. पण तो उत्तरेकडून सुटला आणि ढगाची कड दक्षिणेकडे सरकू लागली.

"सरकायलाय," मुक्ताबाई म्हणाली. तिचा आवाज तिलाच नवा वाटला. "अवो, सरकायलाय! वढ्याच्या अंगानं चाललाय."

"चल मग. त्याला एकटं सोडायचं न्हाई."

ती ओढ्यात उतरली, पलीकडे चढली. ती ढगावरची नजर काढत नव्हती आणि तो तिच्या पदराची मूठ सोडत नव्हता. बाभळीच्या काट्यात तिचं लुगडं अडकलं, फाटलं. रानात जागोजाग माणसं पेंढ्यांवर उभी राहून बघत होती. कुणीतरी ओरडलं, "वळला! वळला!" मग दुसऱ्या शेतातून तोच ओरडा, मग तिसऱ्या. बिभीषणची छाती भात्यासारखी वरखाली होत होती, केसांत कुसळं अडकली होती, आणि तोंड मात्र लग्नातल्या नवऱ्यासारखं उजळलं होतं. मुक्ताबाईला त्या क्षणी वाटलं की ढग ऐकतोच. इतकी वर्षं ती सुईने काटे काढत बसली होती आणि हे तिने कधी पाहिलं नव्हतं.

असं चालत ती दोघं पाझर तलावाच्या भरावावर आली. इथून पुढे दोन शेतं की शीव संपत होती. ढगाची पुढची कड तिकडे पोहोचलीही होती. मागची मात्र अजून डोक्यावर होती.

बिभीषणच्या पायांना भरावाचे दगड लागले. त्याने ओळखलं. हे दगड दोघांनी फोडले होते.

"तलावात पाणी हाय का?" त्याने विचारलं.

तिने खाली पाहिलं. मधोमध हिरव्या पाण्याचं एक डबकं होतं आणि भोवती भेगाळलेला गाळ. "हाय. म्हशी बसण्यापुरतं."

"अजून चैत हाय, वैशाख हाय."

"ते बगू मागून. तुमी फुका. थोडकं ऱ्हायलंय."

त्याने शिंगी तोंडाला लावली आणि पुन्हा खाली घेतली. "केवढा हाय गं ढग? त्या वैशाखातल्यायेवढा?"

मुक्ताबाईला खोटं बोलता आलं असतं. "त्येवढाच," ती म्हणाली.

"तो बी असाच निघून चाललावता. म्या बगितलंय त्याला जाताना. डोळं हुते तवा." त्याने शिंगीवरून बोट फिरवलं. "पाण्यानं भरलेला हुता, मुक्ते. म्या हाकलला."

"अवो, ते बोलायचं असतंय माणसांचं. फुका म्हणते ना."

पण त्याने शिंगी गळ्यातून काढून दगडावर ठेवली. मग जे त्याच्या बापाने केलं नव्हतं, आज्याने केलं नव्हतं, ते त्याने केलं. ढगाकडे तोंड करून हात जोडले. आणि दारात आलेल्या, रागावून निघालेल्या पाहुण्याला थांबवावं तसा तो बोलू लागला. "ये. मागं मी चुकलो. आता जाऊ नगस. पण पाणी होऊन ये. गार तेवढी तिकडंच ठिव, डोंगरावर ठिव, आन् पाणी होऊन ये. तळं भर. माज्यावरचा राग ज्वारीवर काढू नगस."

"काय करायलाव?" मुक्ताबाईने त्याचा दंड धरला. "तो जायलाय! जाऊ द्या त्याला!"

"तू बोलू नगस मदी."

वारा पडला. उत्तरेचा वारा पडला आणि ढगाची मागची कड, जी दोन शेतं ओलांडून जायची होती, ती तिथेच थबकली. निदान मुक्ताबाईला तसं दिसलं. मग गार हवेचा एक लोट वरून सरळ खाली आला, विहिरीतून यावा तसा, आणि पहिला थेंब तिच्या हातावर पडला. मग आणखी. मोठाले, रुपयाएवढे थेंब. तलावाच्या गाळातून वास उठला.

बिभीषणने तोंड वर केलं. "पाणी हाय," तो म्हणाला. "बग, पाणी हाय गं!" तो हसला. लग्न झाल्यापासून त्याला असं हसताना तिने क्वचितच पाहिलं असेल. पुढे ज्या ज्या वेळी तिला तो दिवस आठवला, त्या त्या वेळी आधी ते हसणं आठवलं आणि मग भरावाच्या दगडावरचा तो टणकन झालेला आवाज.

पहिली गार आवळ्याएवढी होती. ती दगडावर फुटली आणि तिचे तुकडे मुक्ताबाईच्या पायावर आले. दुसरी बिभीषणच्या कपाळावर बसली. मग मोजायला काही उरलं नाही. आभाळ आणि जमीन यांच्यामधलं सगळं पांढरं झालं आणि कानांत एकच आवाज भरला, हजार माणसं एकदम खडी फोडत असल्यासारखा. तिने त्याला ओढून बाभळीच्या बुडाला नेलं, खाली दाबलं आणि स्वतः वरून वाकली. पाठीवर मार बसत होता. तो खाली काहीतरी ओरडत होता. तो ढगाला शिव्या देतोय की विनवतोय, ते तिला कळलं नाही.

फार वेळ चाललं नाही. अशा गोष्टी फार वेळ चालत नाहीत.

आवाज थांबला तेव्हा रान मिठाने झाकल्यासारखं दिसत होतं. ऊन पडलं, इतकं स्वच्छ की लाज वाटावी. वाटेवर साळुंक्या मरून पडल्या होत्या. उभ्या ज्वारीची नुसती मोडकी ताटं राहिली होती, आणि दाणे चिखलात, बर्फात, एकमेकांत मिसळून पांढऱ्यावर पांढरे दिसेनासे झाले होते. बिभीषणला ते दिसत नव्हतं. पण पायाखाली दाणे लागत होते, ते त्याला कळत होते. तो प्रत्येक पाऊल उचलून ठेवत होता.

बंकट आपल्या शेतात एका भिजल्या पेंढीवर बसला होता. बिभीषणने पदर ओढून मुक्ताबाईला थांबवलं. "बंकटचं रान हाय न्हवं हे? हाय का तो?"

"हाय."

"बंकट," बिभीषण मोठ्याने म्हणाला. ताठ उभा राहिला. कपाळावरून रक्त येऊन राखेत मिसळलं होतं.

बंकटने मान वर केली. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता. "जावा बाबा घरी," तो म्हणाला. "थंडी वाजल." आणि पुन्हा खाली बघू लागला.

घरी आल्यावर मुक्ताबाईने जखम धुतली, हळद दाबली. बिभीषण आडवा झाला नाही. "दार उगडं ठिव," तो म्हणाला आणि उंबऱ्याशी जाऊन बसला.

तो कशाची वाट बघतोय, हे तिला माहीत होतं. लग्न होऊन आली तेव्हा सासऱ्याच्या हातून एकदा ढग सुटला होता. त्या संध्याकाळी सगळी वाडी याच दारात आली होती. बायांनी पाट्या भरभरून गारा आणून उंबऱ्यावर ओतल्या होत्या, पुरुषांनी सासऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला होता. सासरा हात जोडून उभा होता आणि ती, नवी नवरी, आत दाराआडून बघत होती. गारा वितळून घरात पाणी आलं. दुसऱ्या वर्षी ढग उठला तेव्हा तीच माणसं बोलवायला आली. गारपगाऱ्याला शिव्या द्यायच्या, हाही दस्तुरच होता. ज्याने केलं नाही त्याला कुणी शिव्या देत नाही.

दिवस कलला. माणसं गल्लीतून जाऊ लागली. पावलं जवळ आली की बिभीषण मान सावरून बसायचा. पावलं पुढे निघून जायची. सगळी सोसायटीच्या नव्या गोदामाकडे चालली होती.

जगदेवी दुकानातून तेलाची पळी पुशीत आली. "लागलं का लई?" तिने विचारलं. "आमचे मालक तिकडंच गेल्यात. चेअरमन बोलायल्यात. उद्या तलाठी येनार हाय, रानारानात फिरून पंचनामा करनार हाय. समद्यांनी आपापल्या रानात उभं ऱ्हायचं म्हने. मदत मिळंल म्हनत्यात सरकारची."

"आन् ह्यांचं काय म्हनले?" मुक्ताबाईने हळूच विचारलं.

"कुणाचं?"

जगदेवीच्या तोंडावर काही कपट नव्हतं. तिला खरंच समजलं नव्हतं. मग तिच्या ध्यानात आलं. "हां, बंकट म्हनला म्हने, म्हाताऱ्याला उगंच वढलं आपण. आंधळं माणूस, त्याच्या हातात काय हाय? चेअरमन बी म्हनले, खरं हाय, हे दिवसच न्हाईत आता त्या गोष्टीचे. कुणी वाईट बोललं न्हाई गं. तू काळजी करू नगस."

ती गेली. बिभीषण उंबऱ्याशी तसाच होता. त्याने सगळं ऐकलं होतं.

मग तो म्हणाला, "तू जा तिकडं."

"कुटं?"

"गोदामाकडं. सांग त्यान्ला. म्या बोलावला म्हणावं. तो जायलावता, म्या हात जोडून बोलावला. तू हुतीस की तिथं. तू बगितलंयस. सांग."

मुक्ताबाई उठली, अंगणात आली. गोदामाकडून भगवानरावांचा आवाज ऐकू येत होता, शांत, समजुतीचा. ती गेली असती तर काय झालं असतं, ते तिला समोर दिसत होतं. सगळ्यांनी तिच्याकडे वळून पाहिलं असतं. कुणी रागावलं नसतं. कुणीतरी बसायला पोतं पुढे केलं असतं, म्हणालं असतं, मुक्ताबाई, त्यान्ला जपा आता. डोक्यावर परिणाम झालाय म्हाताऱ्याच्या. दुष्काळात निदान सगळी वाडी त्याच्यावर चिडली होती. अख्ख्या आभाळाचा गुन्हा त्याच्या नावावर होता. आज तोही उरला नव्हता.

ती गोदामाकडे गेली नाही. भिंतीच्या सावलीत गारांचा ढीग अजून वितळायचा होता. तिने पाटी घेतली, दोन्ही हातांनी गारा भरल्या. बोटं बधिर झाली. पाटी उंबऱ्यावर आणून तिने ती त्याच्या पायाशी दाणकन उपडी केली.

"तुमीच आणल्या ह्या गारा!" ती ओरडली. आधी आवाज घोगरा निघाला, मग सुटला. "भरल्या ताटात माती कालवली सगळ्यांच्या! चाललेला ढग माघारी बोलावला! काय अधिकार हुता तुमाला? कुणाला इचारलंतं? बंकटचं रान गेलं, चेअरमनचं गेलं, सगळ्या वाडीची सुगी गेली, आन् ते तुमच्यामुळं! ऐकायलाव का? तुमच्यामुळं!"

जगदेवी दुकानाच्या दारात येऊन थक्क होऊन बघत राहिली. गल्लीतून चाललेले दोघं जण थांबले, आणि नवरा-बायकोचं भांडण म्हणून मान खाली घालून पुढे गेले.

बिभीषण चौकटीला धरून उठला. त्याने खांदे मागे घेतले, अंगरखा सारखा केला. मग सासरा उभा राहिला होता तसाच, गारांत पाय ठेवून, तो तिच्यासमोर हात जोडून उभा राहिला. तोंड किंचित चुकलेल्या दिशेला होतं.

"चुकलं माजं," तो म्हणाला. आवाज खणखणीत होता.

तिचं बोलून संपलं होतं. गाव असं बोलून झालं की आपापल्या घरी निघून जायचं. मुक्ताबाईचं घर हेच होतं. गारा वितळून पाणी आत येऊ लागलं तरी ती तिथेच उभी राहिली.